पोथ्या वाचकांच्या घरी होत्या

कॉन्स्टंटाईन नावाच्या रोमन सम्राटाने ३२५ साली निकेआच्या परिषदेत आपल्या सोयीचे बायबल तयार करून घेतले, गैरसोयीची शुभवर्तमाने जाळली आणि चार तेवढी ठेवली, असे विधान हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द दा विंची कोड’ या इंग्रजी कादंबरीने ते घरोघरी नेले. २००६ साली तिच्यावरील चित्रपट आला, तेव्हा मुंबईत बंदीची मागणी झाली; उत्तर देण्याचे काम मात्र बहुतांशी राहून गेले. आता तेच विधान भ्रमणध्वनीवरून फिरत असते. महाविद्यालयात जाणारी आपली मुले ते ऐकून घरी येतात आणि विचारतात. घरातून त्यांना दोनपैकी एक उत्तर मिळते. एक, ‘असले प्रश्न विचारू नयेत.’ दुसरे, ‘बायबलातील एक अक्षरही कधी बदललेले नाही.’ माझ्या मते दुसरे उत्तर पहिल्याहून अधिक घातक आहे, कारण ते खोटे असल्याचे कोणताही अभ्यासू विद्यार्थी एका दुपारीत सिद्ध करू शकतो.

प्रथम निकेआचा निकाल लावू. या परिषदेचे वीस नियम उपलब्ध आहेत. आरियसची शिकवण, पुनरुत्थानाच्या सणाची तारीख, धर्मगुरूंची शिस्त हे तेथील विषय. बायबलात कोणती पुस्तके असावीत याची यादी त्या नियमांत नाही. पुस्तके वेदीजवळ ठेवली आणि खोटी होती ती आपोआप खाली पडली, ही आख्यायिका नवव्या शतकातील एका ग्रीक संकलनातली. अठराव्या शतकात व्हॉल्तेअरने तिची यथेच्छ थट्टा केली आणि थट्टेचाच पुढे इतिहास झाला. वास्तविक लियाँचे बिशप संत इरेनिअस यांनी सुमारे १८० साली, म्हणजे निकेआच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी, शुभवर्तमाने चारच, हे ठासून लिहून ठेवले आहे. डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहात पपायरसवरील एक खंडित हस्तलिखित आहे. त्यात चारही शुभवर्तमाने आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ एकत्र बांधलेली होती. ते तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील, म्हणजे कॉन्स्टंटाईनच्या जन्मापूर्वीचे मानले जाते. सम्राटाने केले ते इतकेच की, आपल्या नव्या राजधानीतील चर्चेससाठी बायबलच्या पन्नास प्रती त्याने युसेबिअस यांच्याकडून मागवल्या आणि त्यांचा खर्च उचलला. नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची आज आपण मानतो तीच यादी प्रथम स्पष्टपणे दिली ती अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथनेशिअस यांनी, ३६७ सालच्या पत्रात. गंमत अशी की, याच अथनेशिअसना ३३५ साली कॉन्स्टंटाईनने हद्दपार केले होते.

पण तारखांच्या या हिशेबापेक्षा मला एक सरकारी पंचनामा अधिक बोलका वाटतो. ३०३ साली सम्राट डायोक्लेशनने चर्चेस पाडण्याचा व पवित्र शास्त्राच्या प्रती जाळण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी १९ मे रोजी उत्तर आफ्रिकेतील सिर्ता या शहरात नगराधिकारी आपल्या लोकांसह ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनागृहावर गेला. (सिर्ता आज अल्जीरियात आहे आणि पुढे त्या शहराला नाव मिळाले ते कॉन्स्टंटाईनचेच!) त्या दिवसाची नोंद पुढे ३२० साली एका खटल्यात वाचली गेली, म्हणून ती टिकली. सोन्याचांदीचे प्याले, दिवे, स्त्रियांचे ब्याऐंशी अंगरखे, पायताणांचे जोड असे सगळे कारकुनाने मोजून लिहिले आहे. गोरगरिबांना वाटण्यासाठीच ते कपडे ठेवले असावेत. ग्रंथांच्या कपाटांत मात्र काही नव्हते. शेवटी एक मोठी पोथी तेवढी पुढे करण्यात आली. बाकीच्या कुठे आहेत, असे विचारता उत्तर मिळाले की, त्या वाचकांकडे आहेत. वाचकांची नावे सांगायला धर्मसेवकांनी नकार दिला. आम्हाला मारले तरी चालेल, असे ते म्हणाले. मग अधिकारी दारोदार गेले. एका वाचकाच्या घरी चार पोथ्या निघाल्या, फरशीवर नक्षी बसवणाऱ्या एका कारागिराकडे पाच, दुसऱ्या एकाकडे आठ, एका व्याकरणशिक्षकाकडे दोन व काही सुटी पाने. एका घरी नवरा नव्हता. त्याच्या पत्नीने सहा आणून दिल्या. अधिकाऱ्यांनी आणखी असतील म्हणून तिचे घर धुंडाळले, पण काही मिळाले नाही. एका दुय्यम शहरात, एकाच दिवसात, तीसहून अधिक पोथ्या हाती लागल्या.

या नोंदीत शौर्याबरोबर भीतीही आहे. त्या दिवशी पोथ्या हवाली झाल्या आणि त्यावरून पुढे आफ्रिकेच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. पण आपल्या प्रश्नापुरते पाहिले तर हा पंचनामा निकेआच्या बावीस वर्षे आधीचा आहे आणि शास्त्र कोणाच्या हाती होते ते तो सांगतो. ते दरबारात नव्हते, एका कचेरीत कुलुपबंद नव्हते. ते कारागिराच्या, शिक्षकाच्या, गृहिणीच्या घरी होते. असेच ते रोममध्ये, अंत्युखियात, इजिप्तच्या खेड्यांत होते. ग्रीकमध्ये होते, लॅटिन व सिरियाक भाषांतरांत होते. ते एका हुकमाने बदलायचे तर आधी सगळ्या प्रती गोळा कराव्या लागल्या असत्या. डायोक्लेशनने सारी सत्ता पणाला लावून तेच करून पाहिले आणि त्याला ते साधले नाही.

अशा शेकडो हातांनी नकलल्या गेलेल्या ग्रंथात पाठभेद असणारच. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांतील पाठभेद लाखांच्या घरात आहेत; त्यांतले बहुतेक शुद्धलेखनाचे, शब्दक्रमाचे, डोळ्यांनी ओळ चुकल्याचे. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अशुद्धे शिरली म्हणून संत एकनाथांनी १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, ती १९६६ साली पूर्ण झाली. पाठभेद सापडले म्हणून हे ग्रंथ कोणी बनावट ठरवले नाहीत. मग हाच न्याय शुभवर्तमानांना का नाही? उलट, सर्व प्रती अक्षरशः सारख्या निघाल्या असत्या, तर कोणीतरी त्या एका साच्यातून काढल्याचा संशय रास्त ठरला असता.

असा साचा करून पाहण्यातही आला होता. सुमारे १७० साली तातियन नावाच्या विद्वानाने चारही शुभवर्तमाने गुंफून एक सलग चरित्र तयार केले. विसंगती गेल्या, कथा सुटसुटीत झाली, सिरियातील चर्चेसमध्ये ते दीर्घकाळ वाचलेही गेले. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेट यांनी आपल्या प्रदेशातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमाने ठेवली. सोयीचा ग्रंथ घडवणारे चर्च असे वागले असते काय?

आता आपल्याच रक्षणकर्त्यांकडे वळतो. ‘एक अक्षरही बदलले नाही’ म्हणणाऱ्यांनी संत मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट पाहावा. चौथ्या शतकातील व्हॅटिकन व सिनाय या दोन्ही थोर हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबते. पुढच्या बारा ओव्या त्यांत नाहीत. व्यभिचारी स्त्रीचा प्रसंगही संत योहानच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. चर्चने हे दोन्ही उतारे पवित्र शास्त्राचा भाग म्हणून स्वीकारले आहेत आणि ‘क’ वर्षातील उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी तो प्रसंग आपण मिस्सात ऐकतो. योहानच्या पहिल्या पत्रातील स्वर्गातील तीन साक्षीदारांच्या वाक्याची गोष्ट वेगळी. इरॅस्मसने १५१६ व १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नाही, ओरड झाल्यावर १५२२ साली घेतले. आणि १९७९ साली रोमने प्रसिद्ध केलेल्या नव्या लॅटिन बायबलातून ते गेले आहे. खुद्द रोमने जे उघडपणे केले ते आपण आपल्या मुलांपासून का लपवावे?

फुगवलेले पुरावेही तसेच. संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातील तुकडा सापडल्याची बातमी २०१२ साली अमेरिकेतून पसरली; २०१८ साली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा तो दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा किंवा तिसऱ्याच्या आरंभीचा ठरला. मँचेस्टरमधील योहानचा सुप्रसिद्ध तुकडा, ज्यावर पिलाताने केलेल्या चौकशीच्या ओळी आहेत, तळहाताएवढाही नाही. त्याला १२५ सालची पक्की तारीख चिकटवली जाते. तज्ज्ञ मात्र काही दशकांची सैल मर्यादा देतात. ती सांगितल्याने आपले काहीच जात नाही.

ग्रंथ जसाच्या तसा पोचला म्हणून त्यातील हकीकत खरी ठरत नाही, असे कोणी म्हणेल. म्हणणे योग्य आहे. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वेगळ्या पुराव्यांनी द्यायचे असते. येशूला तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने मृत्युदंड दिला, हे ख्रिस्ती लोकांविषयी तिटकारा असलेल्या टॅसिटसनेही नोंदवले आहे. पेत्राने प्रभूला नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. ज्याला चर्च आपला पहिला प्रमुख मानते त्याचीच ही नाचक्की कोण रचून घालील? आणि जिथे अडचण आहे तिथे ती आहेच. संत लूकने उल्लेखिलेली क्विरिनियसची शिरगणती इतर साधनांनुसार इ. स. ६ मधील, तर हेरोद राजाचा मृत्यू सामान्यतः इ. स. पूर्व ४ मध्ये धरला जातो. हा मेळ समाधानकारकपणे बसलेला नाही. शुभवर्तमानकारांनी पुष्कळातून काही निवडले, काही संक्षेपाने मांडले, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले आणि त्याच परिच्छेदात शुभवर्तमानांची ऐतिहासिकताही निःसंदिग्धपणे प्रतिपादिली. तो परिच्छेद मराठीत पुरता एका पानाचाही होणार नाही. आपल्या किती धर्मग्रामांतील धर्मशिक्षणाच्या वर्गांत तो वाचला जातो?