चाके मोजा, इंजिन ओळखा

वाचकहो, एखाद्या स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर ठेवलेले जुने काळे इंजिन आपण पाहतो. मुले विचारतात, "हे कुठलं इंजिन?" आपण सांगतो, "कोळशाचं," आणि पुढे चालू लागतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी लोको शेडमध्ये खलाशी, फिटर, फायरमन म्हणून उमेदीची वर्षे घालवली. त्यांच्या नातवंडांना याहून थोडे अधिक ठाऊक असावे, म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

प्रथम अक्षरे पाहू. पहिले अक्षर रुळांचे. डब्ल्यू म्हणजे मोठी लाइन, वाय म्हणजे मीटर गेज, झेड म्हणजे अडीच फुटी छोटी लाइन. दुसरे अक्षर कामाचे. पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे मालगाडी. म्हणून मोठ्या लाइनवर मेल-एक्स्प्रेस ओढणारे ते डब्ल्यूपी आणि मालगाडी ओढणारे ते डब्ल्यूजी.

आता गंमत पाहा. या दोन्ही इंजिनांचा बॉयलर एकाच धर्तीचा. टेंडर सोडून चाकेही दोघांना बारा-बाराच. मग फरक कशात? डब्ल्यूपीची सहा मोठी चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात, पुढे चार आणि मागे दोन लहान चाके असतात. डब्ल्यूजीची मात्र आठ चाके जोडलेली असतात, पुढे दोन आणि मागे दोन लहान.

दट्ट्या एकदा पुढे-मागे झाला की जोडलेले चाक एक फेरा घेते. डब्ल्यूपीचे हे चाक ५ फूट ७ इंच उंचीचे, म्हणून एका फेऱ्यात अंतर जास्त कापले जाते, वेग मिळतो. डब्ल्यूजीचे चाक ५ फूट दीड इंच. वेग कमी, पण ओढ जास्त. शिवाय इंजिनाचे वजन आठ चाकांवर पडल्याने रुळावर पकड चांगली बसते. जड गाडी हलवताना चाके जागच्या जागी फिरू लागली तर सगळी वाफ वाया जाते.

तिसरा प्रकार टँक इंजिनाचा. त्याला मागे कोळसा-पाण्याचे टेंडर नसते. सारे ओझे अंगावरच. ते पुढे-मागे दोन्हीकडे सारखेच चालते, म्हणून यार्डात डबे हलवायला सोयीचे. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या लाइनवर असलीच छोटी इंजिने होती.

लोक फोटो काढतात ते डब्ल्यूपीचा. तिचे तोंड बंदुकीच्या गोळीसारखे, वर चांदणी. पण संख्या पाहा. डब्ल्यूपी ७५५ आणि साध्या तोंडाची डब्ल्यूजी २४५०. देशाचे धान्य, कोळसा, सिमेंट तिनेच वाहिले. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली बाहेर पडलेले पहिले इंजिन डब्ल्यूजीच होते.

नागपूरला दीक्षाभूमीवर जाल तेव्हा वेळ काढून मोतीबागेतील छोट्या लाइनचे रेल्वे संग्रहालय मुलांना दाखवा. आधी जोडलेली चाके मोजायला सांगा, मग टेंडर आहे की नाही ते पाहू द्या. आणि चाळीत कुणी जुने शेडवाले आजोबा असतील तर त्यांना बरोबर न्या. फावड्याने कोळसा भट्टीत नेमका कुठे टाकायचा, हे त्यांच्याइतके नीट कुणी सांगणार नाही.