पाटीवरचे गाव आणि दस्तातले गाव

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर गुडगाव मागे पडले, खेडकी दौला ओलांडले की अरवलीच्या पायथ्याशी मानेसर लागते. मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने, त्यांच्या कुशीत अंग चोरून बसलेली जुनी गावे आणि क्षितिजावर निवासी मनोरे, असे या भागाचे आजचे रूप आहे. मारुतीच्या येथील कारखान्यात २००७ साली उत्पादन सुरू झाले आणि देशाच्या औद्योगिक नकाशावर मानेसरचे स्थान पक्के झाले. घरे विकणाऱ्यांना मात्र हे नाव फारसे मानवले नाही.

महामार्गालगतचा सेक्टर ७६ ते ९५ हा पट्टा विक्रेत्यांनी ‘न्यू गुडगाव’ या नावाने बाजारात आणला. ‘मानेसर’ म्हटले की धूर, मालमोटारी आणि पाळ्यांचे भोंगे डोळ्यांपुढे येतात. ‘गुडगाव’ म्हटले की काचेच्या इमारती. जी वस्ती अजून वसायचीच होती, तिला शेजारच्या श्रीमंत शहराचे नाव उसने देण्यात आले. गंमत अशी की, २०१६ मध्ये हरियाणा सरकारने खुद्द गुडगावचेच नाव गुरुग्राम केले. मूळ नाव दप्तरातून गेले, उसने नाव जाहिरातीत टिकले! रस्त्याचेही तेच. पूर्वी ‘नॉर्दर्न पेरिफेरल रोड’ म्हणून ओळखला जाणारा मार्ग ‘द्वारका एक्स्प्रेसवे’ झाला. त्याचा हरियाणातील भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. त्याच्या नावावर घरांची विक्री मात्र त्याआधी कितीतरी वर्षे चालू होती.

मुंबईकर वाचकांना यात नवल वाटणार नाही. १९८२च्या संपानंतर गिरणगावाची धुरांडी थंडावली, गिरण्यांच्या जागी मनोरे आले आणि लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झाले. वडाळ्यात ‘न्यू कफ परेड’ अवतरले. दुर्लक्षित भागाला नवे रूप देऊ पाहणाऱ्याने त्याला आकर्षक नाव द्यावे, याला आमची हरकत नाही. खाली दुकाने, मध्ये कार्यालये आणि वर घरे अशी मिश्र वापराची संकुले शहरांना हवीच आहेत, आणि ती विकायची तर त्यांना ओळखही हवी. आक्षेप आहे तो या नावाला किंमत लावण्याच्या रीतीला. उसन्या नावापोटी जो जादा दर ग्राहक मोजतो, त्यात उद्याचा रस्ता, उद्याचे पाणी आणि उद्याची शाळा यांची किंमत आजच वसूल झालेली असते. ते सारे कधी येणार, याची जबाबदारी कोणाच्याच माथी नसते. वीस वर्षांचे हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतात.

मानेसरच्या जमिनीचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. औद्योगिक वसाहतीच्या विस्तारासाठी मानेसर, लखनौला आणि नौरंगपूर या गावांतील ९१२ एकर जमीन संपादित करण्याची अधिसूचना ऑगस्ट २००४ मध्ये निघाली. पुढच्या वर्षी त्यांपैकी ६८८ एकरांबाबत पुढील घोषणा झाली. सरकार जमीन घेणारच, या धास्तीने शेतकऱ्यांनी मिळेल त्या भावात खासगी खरेदीदारांना जमिनी विकल्या. आणि निवाडा जाहीर होण्याआधीच, २४ ऑगस्ट २००७ रोजी, संपादन रद्द करण्यात आले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय सत्तेचा कपटपूर्वक केलेला वापर ठरवला आणि ती जमीन सरकारी यंत्रणांकडे सोपवली. मधल्या काळात तेथील प्रकल्पांत पैसे गुंतवलेल्यांसाठी परताव्याची किंवा घराच्या वाटपाची सोय न्यायालयाने ठेवली खरी. पण त्यांचा दोष एवढाच होता की त्यांनी पाटी वाचली आणि पाटीमागची जमीन कोणी पाहिली नाही.

एक विसंगती आणखी. अलियर, ढाणा, कासन या गावांत कारखान्यांतले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. तळमजल्यावर किराणा, खानावळ, मोबाईल दुरुस्ती. वर ओळीने खोल्या. नगररचनेच्या पुस्तकातील मिश्र वापर याहून वेगळा तो काय? परंतु या वस्तीला माहितीपुस्तिका नाही, म्हणून ती ‘अव्यवस्था’ ठरते.

नाव उसने न घेताही नगर उभे राहते, याचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. हडपसरच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तीत समभाग घेतले. घरे, संगणक कंपन्यांची कार्यालये, शाळा, रुग्णालय, बाग यांसह जे नगर झाले, त्याला त्यांनी नाव दिले मगरपट्टा. ना ‘न्यू’ ना ‘अप्पर’. आडनाव आणि पट्टा! हे सर्वत्र जमेल असे नाही. तेथे भाऊबंदकीचे रूपांतर भागीदारीत करणारे नेतृत्व होते आणि पुणे हाकेच्या अंतरावर होते. पण नावाला पत मिळाली ती नगर उभे राहिल्यावर, आणि ती पत जमिनीच्या मूळ धन्यांच्या पदरी पडली. मानेसरच्या शेतकऱ्याला ही संधी मिळाली नाही.

२०१६च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, ग्राहकाला बरेच बळ दिले आहे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला कलम १२ अन्वये भरपाई मागता येते, प्रकल्पातून बाहेर पडायचे तर व्याजासह रक्कम परत मागता येते. परंतु ‘न्यू गुडगाव’ हे विधान नव्हे, ते नुसते नाव. नावाला खोटे कसे म्हणणार? कायद्याच्या चिमटीतून ते अलगद सुटते.

म्हणून आमचे मत असे की, प्रकल्पाचे व्यापारी नाव ज्या आकाराच्या अक्षरांत छापले जाते, त्याच आकारात महसुली गावाचे नाव छापणे सक्तीचे व्हावे. हा नियम बँकांनी गृहकर्ज मेळाव्यांच्या फलकांवर स्वतःपासून सुरू करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. तसेही कर्जाच्या छाननीत आमचे वकील जमिनीचा मालकी इतिहास तपासतात. महाराष्ट्रात सातबारा, हरियाणात जमाबंदी. त्या कागदावर ना न्यू गुडगाव असते ना अप्पर वरळी.

डिसेंबर २०२० मध्ये मानेसरला स्वतंत्र महानगरपालिका मिळाली आणि मार्च २०२५ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. ‘न्यू गुडगाव’ म्हणून विकलेल्या काही सेक्टरांचा मालमत्ता कर आता हीच महापालिका आकारते. त्या घरांच्या करपावतीवर नाव असते मानेसरचे.