घुमटात मासे, वाफ्यात पालक : वरवट बकालच्या उन्हात हे जमेल का? आधी पाणी तपासा, मग पाइप कापा

मोबाइलवर सध्या एक व्हिडिओ सारखा फिरतो. काचेसारखा चमकणारा गोल घुमट, आत माशांची टाकी, टाकीच्या पाण्यावर तरंगणारी हिरवीगार भाजी. खाली वाक्य ठरलेले : ‘बाराही महिने उत्पन्न’. संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल परिसरातला एखादा तरुण शेतकरी तो पाहून पाइपांचे भाव विचारायला निघाला, तर नवल नाही. त्याला थांबवायचे कारण नाही. मात्र त्याने पाइपांच्या दुकानाआधी पाणी तपासणीची प्रयोगशाळा गाठावी.

हे चालते कसे?

मासे खातात, त्यांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट हे झाडांचे खत. झाडांनी ते घेतले, की पाणी परत माशांकडे जाते. याला ॲक्वापोनिक्स म्हणतात. यात माती लागत नाही, रासायनिक खत जवळजवळ लागत नाही आणि पाणी नेहमीच्या शेतीपेक्षा कितीतरी कमी लागते. इथपर्यंत व्हिडिओ खरे बोलतो.

घुमटच का?

त्रिकोणांच्या जाळीचा घुमट बकमिन्स्टर फुलर यांच्या नावाने ओळखला जातो. त्याचे अमेरिकी पेटंट १९५४ चे. कमी लोखंडात मोठी जागा झाकते आणि वारा एका भिंतीवर आदळण्याऐवजी घसरून जातो. एप्रिल-मेच्या वादळात पॉलिहाऊसचे कागद उडालेले पाहिलेल्यांना या गुणाची किंमत सांगायला नको.

बांधणीही गावच्या वेल्डरला जमण्यासारखी आहे. १० मीटर व्यासाच्या साध्या अर्धगोल घुमटाला ६५ दांड्या लागतात : ३५ लांब, ३० आखूड. लांब दांडी साधारण ३.०९ मीटर, आखूड २.७३ मीटर. म्हणजे ६ मीटरच्या एका पाइपमधून एक लांब, एक आखूड निघते आणि ३५ पाइपांत काम होते. सांगाडा हा या प्रकल्पातला सोपा भाग आहे. लोक नेमके त्यावरच सगळे डोके चालवतात.

मग अडते कुठे?

घुमटाची ही कल्पना हरितगृह म्हणून वाढली ती थंड मुलखात. तिथे दिवसा टाकीतले पाणी तापते, रात्री ती ऊब झाडांना मिळते आणि बर्फातही भाजी येते. वऱ्हाडात ऊब कोणाला हवी आहे? मे महिन्यात दिवसाचा पारा ४३ आणि रात्रीचा २८ धरला, तर सरासरी ३५ च्या घरात जाते. रात्रच थंड नाही, तर टाकी थंड होणार कधी? तिलापियाला २७ ते ३० अंश मानवतात. लेट्यूससारख्या पालेभाजीच्या मुळांना त्याहून थंड पाणी लागते. त्यात अर्धगोलाचे पृष्ठफळ जमिनीच्या दुप्पट असते. ७८ चौरस मीटर जागेवर १५७ चौरस मीटर प्लॅस्टिक ऊन खात उभे.

यावर उपाय वऱ्हाडी माणसाला पाठ आहे : कूलर. एका बाजूला ओले पॅड, दुसऱ्या बाजूला पंखे. इथली मेची हवा इतकी कोरडी असते, की चांगले पॅड ४४ अंशांची हवा तिशीच्या खाली आणू शकते. जुलैत दमट हवेत ते निकामी, पण तेव्हा गरजही कमी. म्हणजे उष्णतेवर तोड आहे. पण ती तोड पाणी मागते, आणि खरी गोम तिथेच आहे.

खारपाणपट्ट्याचे गणित

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा पसरला आहे. संग्रामपूर तालुक्याचा बराच भाग त्यात येतो. किडनीच्या आजारांमुळे हा तालुका वर्षानुवर्षे बातम्यांत आहे, आणि त्या आजारांचे नाते लोक इथल्या पाण्याशी जोडतात. सातपुड्याच्या पायथ्याकडे पाणी गोडे होत जाते; त्यामुळे शेजाऱ्याच्या विहिरीवरून आपल्या विहिरीचा अंदाज बांधता येत नाही.

खारे पाणी कूलरच्या पॅडवर उडाले, की मागे क्षारांचा थर राहतो. पॅड बुजते. टाकीतही तेच. रोज दीड टक्का नवे पाणी घालावे लागते आणि जुने बाहेर काढले जात नाही, असे धरा. ६७ दिवसांत टाकीभर नवे पाणी आत गेले. पाणी उडाले, झाडांनी ओढले. सोडियम मात्र बव्हंशी तिथेच. दोन महिन्यांत क्षार जवळजवळ दुप्पट. तिलापिया ते सोसेल, पालक काही काळ सोसेल, बाकीची भाजी करपेल.

सामूचा मुद्दा त्याहून घातक. पाणी ३० अंशांवर असताना सामू ७ असेल, तर एकूण अमोनियातला विषारी हिस्सा एक टक्क्याहून कमी असतो. सामू ८.५ झाला, की तोच हिस्सा २० टक्क्यांवर जातो. खारपाणपट्ट्यातले पाणी अनेकदा अल्कधर्मीच असते. वर वीज गेली, हवा देणारा पंप थांबला, की दाट सोडलेले मासे तास-दोन तासांत वर येऊन तोंड उघडू लागतात. शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच मिळते. म्हणून सोलर आणि बॅटरीचा खर्च ‘नंतर पाहू’ या रकान्यात टाकायचा नसतो.

तरीही करायचे असेल तर?

पावसाचे पाणी हाच पाया. ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर हा घुमट स्वतःच्या अंगावर सुमारे ५५ हजार लिटर झेलतो. २० हजार लिटरच्या टाकीला रोज ३०० लिटर भरपाई धरली, तर वर्षाला १ लाख ९ हजार लिटर लागतात. पॅडचे पाणी वेगळे. म्हणजे शेततळे हवेच. सुदैवाने इथल्या चिकण काळ्या मातीत पाणी मुरत नाही. एरवी पिकाच्या मुळावर येणारा हा दोष तळ्यासाठी गुण ठरतो.

माशांची टाकी जमिनीत अर्धी पुरावी, उन्हाळ्यात घुमटाचे खालचे त्रिकोण उघडून तिथे जाळी लावावी आणि वर शेडनेट टाकावी. मेमध्ये लेट्यूसचा हट्ट सोडून मायाळू लावावी. शेगावच्या खानावळींना लेट्यूस नको असते, उन्हाळ्यात सांबार हवा असतो. तेव्हा त्याचा भाव चढतो, कारण उन्हात तो येत नाही. पॅडचा खर्च निघेल अशी स्थानिक भाजी असलीच, तर ती बहुधा हीच. सगळ्यात आधी हजार लिटरच्या टाकीवर एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढून पाहावा.

मुंबईच्या वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे हरियाणात लाहली इथे केंद्र आहे. खाऱ्या भूजलात पोटॅशची उणीव भरून कोळंबी वाढवता येते, हे तिकडे सिद्ध झाले. पूर्णाकाठच्या पाण्यासाठी तसा तालुकानिहाय सल्ला हाती असता, तर व्हिडिओ पाहून कर्ज काढायची वेळ आली नसती. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदतीची तरतूद आहे. पण मदत सांगाड्याला मिळाली आणि पाणी खारेच राहिले, तर उरलेले हप्ते शेतकऱ्याच्याच नावावर पडतात.

ज्यांच्याकडे तळे आहे आणि बॅटरीपुरते पैसे नाहीत, त्यांच्यासाठी याच विज्ञानाची बिनघुमटाची आवृत्ती आहे. पावसाळ्यात तळ्यात रोहू-कटला सोडायचे आणि रब्बीत तेच खतावलेले पाणी हरभऱ्याला एक-दोनदा द्यायचे. तिचा व्हिडिओ कोणी बनवत नाही.