यंत्राची परिभाषा आणि आमचा संकोच

संगणकाच्या पोटातील व्यवहार मराठीत सांगणे अशक्य आहे, असे एक मत नाशिकच्या सुशिक्षित मंडळींत सिद्धान्ताप्रमाणे उच्चारिले जाते. इंग्रजी परिभाषेचे शास्त्रीय गांभीर्य आमच्या घरगुती शब्दांस पेलावयाचे नाही, हे त्याचे कारण सांगतात. हे मत आम्हांस सर्वस्वी चुकीचे वाटते. आणि त्याचे खंडन त्या इंग्रजी शब्दांच्या जन्मकथाच करितात.

यंत्राचा सारा कारभार पाहणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यास 'कर्नेल' म्हणतात. कर्नेल म्हणजे कवचाच्या आतला गर. माणसाच्या आज्ञा त्या गरापर्यंत पोचविणारे वरचे आवरण ते 'शेल', म्हणजे टरफल. यंत्र सुरू करणे म्हणजे 'बूट' करणे. आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःस वर उचलू पाहणाऱ्या माणसाच्या थट्टेतून हा शब्द निघाला, कारण पहिली आज्ञावली आत घेण्यासही यंत्रास आज्ञावलीच लागते. पडद्याआड अखंड राबणाऱ्या कामास 'डीमन' हे नाव अमेरिकेतील 'प्रोजेक्ट मॅक'च्या मंडळींनी १९६३ च्या सुमारास दिले, ते मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने कल्पिलेल्या, रेणू निवडीत बसणाऱ्या भुतावरून! यांत गांभीर्य ते कोठे? ही तर स्वयंपाकघराची, पादत्राणांची आणि भुताखेतांची भाषा.

एखादे काम संपले, पण ज्या कामाने त्यास जन्म दिला त्याने त्याचा निकाल विचारून घेतला नाही, तर यादीत त्याचे नाव रेंगाळत राहते. इंग्रजीत त्यास 'झॉम्बी' म्हणतात. उत्तरक्रिया राहिलेल्या जिवास काय म्हणावे, हे रामकुंडाच्या गावात कोणी शिकवावयास हवे काय?

मराठीस शब्द घडविता येत नाहीत म्हणणारांनी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत एक फेरी मारावी. हंगाम संपल्यावरची 'खरड छाटणी', फळासाठीची 'गोडी छाटणी', तारेवर आडवा नेलेला 'ओलांडा', काडीवरचा 'डोळा', घडाचे 'जिरणे'! यांतील प्रत्येक शब्द नेमका आहे, आणि त्यासाठी कोणी कोश उघडून बसले नव्हते. ज्याच्या हाती कात्री, त्याच्याच तोंडी शब्द.

१९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोशांचे मोठे कार्य केले, त्याचे मोल आम्ही जाणतो. परंतु कोश शब्द सुचवितो. तो रुळवितात काम करणारे लोक. 'संगणक' रुळला तो लोकांनी उच्चारिला म्हणून. आमचे संगणकतज्ज्ञ मात्र आपापसांतही मराठी शब्द उच्चारण्यास लाजतात आणि मग मराठी दरिद्री असल्याची तक्रार करितात!

या लाजेची किंमत खेड्यातून आलेला विद्यार्थी भरतो. 'कर्नेल' म्हणजे गर हे त्यास कोणी सांगत नाही. तो तो शब्द मंत्रासारखा घोकतो, आणि न समजल्याचा दोष स्वतःच्या बुद्धीस देतो. इंग्रजी शब्द अवश्य वापरावेत, पण त्यांपुढे हात जोडू नयेत. ज्यांनी ते घडविले त्यांनी आपल्या घरातलेच शब्द उचलले. आमच्या घरात ते कमी आहेत, असे कोण म्हणेल?