बॅगेत पाण्याचीच बाटली

बडोद्यात पंचविशी-तिशीतल्या कुठल्याही चार जणांना विचारा, "ट्रिपला कुठे जायचं?" उत्तरं ठरलेली असतात. दमण, दीव, अबू, उदयपूर आणि सुट्टी मोठी असेल तर गोवा. या गावांत सारखं काय आहे? समुद्र म्हणावा तर उदयपूरला नाही, डोंगर म्हणावा तर दीवला नाही. सारखं एवढंच की ती सगळी गुजरातच्या हद्दीपलीकडे आहेत. १९६० साली राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, त्यामुळे आपल्या पिढीच्या डोक्यात 'बाहेर जाणं' आणि 'बसणं' हे दोन शब्द कधी एक झाले ते कळलंच नाही. पुण्या-मुंबईच्या भावंडांची सहल कोरडी असते असं नाही, पण त्यांना त्यासाठी राज्य ओलांडावं लागत नाही. आपल्याकडे हद्द ओलांडणं हाच कार्यक्रम होऊन बसतो.

दीवला पाच-पाच वेळा जाऊन आलेले माझे मित्र आहेत. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी दुपारी उठायचं, संध्याकाळपासून खोलीत बसायचं, रविवारी डोकं धरून परत यायचं. दिवसा वरच्या भोकांतून उन्हाचे कवडसे उतरतात त्या नायडाच्या गुहा त्यांनी पाहिलेल्या नाहीत. पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या दारात फोटो आहे, आत गेल्याची आठवण नाही. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरला बुडालेल्या 'आयएनएस खुकरी'चं स्मारक त्याच गावात आहे, हे मी सांगितल्यावर एक जण म्हणाला, "अरे, हो का? कुठल्या बाजूला?"

मी स्वतः घेत नाही. यात माळकरीपणा काही नाही, चव आवडली नाही इतकंच. अशा माणसाला ग्रुपमध्ये तीन नोकऱ्या आपोआप मिळतात: गाडी चालवणं, फोटो काढणं आणि हिशेब ठेवणं. माझी तक्रार नव्हती. गाडी चालवायला मला आवडतं आणि हिशेब माझ्याकडे असला की तो जुळतो.

पण आमच्यातल्या एकाने तीन वर्षांपूर्वी सोडली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरातही बरंच काही झालं होतं. त्यानंतर तो ट्रिपला यायचा बंद झाला. एकदा ऑफिसचं काम, एकदा सासरकडची मुंज, एकदा पाठदुखी. बाकीचे म्हणायला लागले, हा बदलला, याला शिंग फुटली. एकदा रावपुऱ्यात सेव-उसळ खाताना मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "तुमच्यात बसलो आणि नाही घेतली तर दर दहा मिनिटांनी कोणीतरी 'एक तरी घे' म्हणणार. आठ वेळा नाही म्हणेन. नवव्या वेळी म्हणता येईल की नाही, माहीत नाही. म्हणून येत नाही." मग म्हणाला, "पण मला फिरायला खूप आवडतं रे." शाळेपासूनचा मित्र. आमच्यात सगळ्यांत दमदार पायांचा हाच होता.

तेव्हा ठरवलं की जिथे तो प्रश्नच निघणार नाही अशी जागा शोधायची. ती काही लांब नव्हती. दीवकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या जुनागढवरूनच जातात. आम्ही तिथेच थांबलो. गिरनार.

घरातल्या आजी-आजोबांकडून दत्ताच्या पादुकांबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण 'ते देवदर्शन, आपल्याला काय' म्हणून पंचविशीतली मंडळी तिकडे फिरकत नाहीत. आमच्या सहा जणांतले दोघे देव मानत नाहीत, तेही आले. सुमारे दहा हजार पायऱ्या. रात्री एक वाजता हातात टॉर्च आणि काठ्या घेऊन सुरुवात केली. पहिल्या हजार पायऱ्यांत गप्पा होतात. दुसऱ्या हजारात फक्त श्वास ऐकू येतो. नंतर सत्तरीच्या एक आजी नऊवारी सावरत तुमच्या पुढे निघून जातात आणि तुमची जिमची फी आठवते. अर्धी चढण होता होता काळोखात जैन मंदिरांचे आकार दिसू लागले, अंबाजीच्या टप्प्यावर वारा असा होता की टोपी हातात धरावी लागली. गोरक्षनाथाचं शिखर गुजरातमधलं सर्वांत उंच. तिथून पुन्हा खाली उतरायचं आणि मग दत्तशिखरासाठी पुन्हा चढायचं. मिळवलेली उंची अशी हातातून सोडून देताना खरोखर जिवावर येतं. सगळ्यांचे चेहरे उतरले होते, एकटा तो सोडून. तो पुढे जायचा, वळणावर थांबायचा आणि टॉर्च आमच्या पायरीवर धरायचा.

वाटेत फिरत होतं ते लिंबू सरबत, खाकरे आणि चिक्की. "घे ना" असं त्यालाही सारखं म्हणत होते, पण चिक्कीसाठी. उजाडलं तेव्हा आम्ही दत्तशिखराच्या शेवटच्या पायऱ्यांवर होतो. परतताना कमंडलू कुंडावर प्रसादाचं जेवण, पंगतीत मांडी घालून. उठताना मांडी सुटेना ती गोष्ट वेगळी. (ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी २०२० च्या ऑक्टोबरपासून अंबाजीपर्यंत रोपवे आहे. चढून जावं आणि उतरताना निम्मी वाट तरी रोपवेने यावं, असं माझं मत आहे. चढण्याने दम जातो, उतरण्याने गुडघे.)

डोंगर जास्त उंच असेल तर हा आवडी-निवडीचा मामला राहत नाही. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो: डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणं. जास्त झालेल्या दारूनंतरची सकाळ अगदी अशीच असते. त्यामुळे उतरतेय ती नशा की चढतोय तो आजार, हे ना तुम्हाला कळत ना सोबत्यांना, आणि दुखणं अंगावर काढून माणूस आणखी वर जातो. खरा धोका तिथे आहे. शिवाय दारूने झोपेत श्वास मंदावतो, आणि तिथे तर आधीच प्राणवायू कमी. म्हणून उंचावर पोचल्यावर पहिले ४८ तास तरी दारू टाळा, असं डॉक्टर सांगतात. 'थोडी रम घेतली की थंडी पळते' हेही उलटंच आहे. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, आणि शरीरातली उष्णता बाहेर निघून जाते.

यात एक गंमत आहे. आज 'व्हेकेशन'च्या जाहिरातीत हातात ग्लास हवाच, पण पॅकेज टूरच्या धंद्याची सुरुवात दारूविरोधी सहलीने झाली. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे लोकांना एक शिलिंगात खास गाडीने नेलं, ते दारूबंदीच्या सभेसाठी. लोकांना गुत्त्याऐवजी दुसरं काहीतरी दाखवावं, ही त्याची कल्पना. पुढे त्याच माणसाच्या नावाने जगभर सहली निघाल्या.

आता प्रामाणिकपणे अडचण सांगतो. दिवस छान जातो, संध्याकाळी सात ते दहा अवघड असतात. गिरनारहून उतरल्यावर एक जण म्हणालाच, "आता काय करायचं?" हा प्रश्न खोटा नाही. हातात काही नसताना एकमेकांशी बोलायची सवयच गेलेली असते. भाषण देऊन तिथे उपयोग होत नाही, काम द्यावं लागतं. आम्ही धर्मशाळेच्या ओट्यावर पत्ते काढले. मेंढीकोटात दोन कोट झाल्यावर जी भांडणं पेटली ती साडेदहापर्यंत चालली. पुढच्या वेळी स्टोव्ह नेणार आहोत, पिठलं-भाकरी करायला. भाकरी कोणालाच येत नाही, त्यामुळे तीन तास सहज जातील.

आता ग्रुपमध्ये दोन बेत चालले आहेत. एक तारकर्लीला स्कूबाचा. तिथे आदल्या रात्री घेऊन पाण्यात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यामुळे वाद घालायचं कारणच उरत नाही. दुसरा चैत्रातल्या उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमेचा, रामपुरा ते तिलकवाडा आणि परत, एका दिवसात होण्यासारखी. ऊन तापायच्या आत बरंच अंतर काटायचं तर पहाटे अंधारातच निघावं लागेल. या वेळी हिशेब त्याच्याकडे दिलाय. काल त्याने यादी पाठवली: टॉर्च सहा, काठ्या सहा, चिक्की दोन किलो. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, पत्त्यांचे कॅट दोन, मागच्या वेळी चौकटची राणी हरवली होती.