पंपाच्या विजेचा हिशेब

जमिनीची मोजणी, पिकाची आणेवारी आणि साऱ्याचा आकार या तीन बाबतींत आपल्या अहेरी तालुक्यांतील शेतकरी सहसा फसत नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यांत एक आर कमी पडला, तर तो कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. महसुलाच्या कारकुनींत आम्हीं हें वर्षानुवर्षें पाहिलें आहे. परंतु ज्या मोटारीवर त्याची रोवणी अवलंबून असते, ती किती व्होल्टवर चालते व किती अँपिअर ओढते, हें विचारल्यास तोच शेतकरी निरुत्तर होतो. ही उदासीनता आतां सोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल कीं, एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखालीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस वीज मोफत झाली. मग हिशेब कशाला? आमचें उत्तर असें कीं, बिल माफ झालें, जळालेली मोटार माफ झालेली नाहीं. रिवाइंडिंगचा खर्च आपल्याच माथीं बसतो, आणि ऐन रोवणींत मोटार दुरुस्तीस गेली तर पऱ्हे जागच्या जागीं पिवळे पडतात.

हिशेब अवघड नाहीं. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह, आणि रोध म्हणजे तारेनें त्या प्रवाहास केलेली अडवणूक. तलावांतील पाण्याची उंची, पाटांतून वाहणारें पाणी आणि पाटाचा अरुंदपणा यांचें जें नातें, साधारणपणें तेंच यांचें. जर्मनींतील जॉर्ज ओहम यानें १८२७ सालीं हा नियम ग्रंथरूपानें मांडला. व्होल्टला अँपिअरनें भागावें, रोध ओहममध्यें येतो. व्होल्टला अँपिअरनें गुणावें, शक्ति वॅटमध्यें येते. क्षेत्रास दरानें गुणून आकार काढणारास यांत नवें तें काय?

२३० व्होल्टवर ५ अँपिअर ओढणारी विजेची शेगडी घ्या. तिचा रोध ४६ ओहम, शक्ति १,१५० वॅट. आतां दाब १८४ व्होल्टवर उतरला, तर प्रवाह ४ अँपिअर व शक्ति ७३६ वॅट उरते. दाब शेकडा २० उतरला. शक्ति मात्र शेकडा ३६ उतरली.

मोटारीस हा हिशेब डोळे झांकून लावूं नये. फिरणारी मोटार स्वतःच उलट दाब निर्माण करिते. म्हणून तिच्या व्होल्टला अँपिअरनें भागून जी संख्या येते, ती वाइंडिंगचा रोध नव्हे. थ्री फेज मोटारीची शक्ति काढतांना व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारास आणखी १.७३२ नें व पॉवर फॅक्टरनें गुणावें लागतें. ४१५ व्होल्ट, ७.८ अँपिअर व पॉवर फॅक्टर ०.८५ धरल्यास सुमारें ४,७६५ वॅट होतात. त्यांपैकीं ५ अश्वशक्ति, म्हणजे ३,७३० वॅट, कामास येतात. बाकीचे बहुतेक उष्णतेंत जातात.

मोटार जळते ती याच उष्णतेनें. दाब उतरला तरी पंपावरचा भार फारसा कमी होत नाहीं. म्हणून शेगडीच्या उलट, मोटार अधिक अँपिअर ओढते. वाइंडिंगमधील उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ८ चे १० अँपिअर झाले, कीं ती दीडपटीहून अधिक होते. अशा वेळीं स्टार्टरचा रिले मोटार बंद करितो, तो तिच्या रक्षणासाठीं. त्यास बांधून ठेवून मोटार चालविणें म्हणजे राखणदारास कोंडून शेत मोकळें सोडणें होय.

दोष नेहमीं सरकारी वाहिनीचाच असतो असेंही नाहीं. ३०० मीटर लांबीच्या, ४ चौरस मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या एका तारेचा रोध सुमारें २.१ ओहम भरतो. तींतून ८ अँपिअर गेले, तर १६.८ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात व १३४ वॅट वायां जातात. तीन तारांचे मिळून ४०३ वॅट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहून अधिक! तार १० चौरस मिलिमीटरची घातल्यास ही हानि १६१ वॅटवर येते. स्वस्त तार ही अशी महाग पडते.

पंप चालूं असतांना मीटरपाशींच दाब कमी भरला, तर मात्र तक्रार करावी. शेजारच्या चंद्रपूरचें औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचें आहे. परंतु लांब व बारीक वाहिनीच्या टोकास असलेल्या पंपास त्याचा काय उपयोग? नियामक आयोगाच्या मानकांत कमी दाबाच्या वाहिनीस ६ टक्के वर-खाली एवढीच मुभा आहे. म्हणजे ४१५ व्होल्टचे ३९० पर्यंतच उतरावेत. "लाईन कमी आहे" या तोंडी तक्रारीची दाद लागत नाहीं. तारीख, वेळ, मीटरपाशींचे व्होल्ट, पंपापाशींचे व्होल्ट आणि अँपिअर हे पांच रकाने भरलेली वही पुढें ठेवली, म्हणजे उत्तर द्यावेंच लागतें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, गांवोगांवच्या शेतकरी मंडळांनीं वर्गणी करून एकेक क्लॅम्प मीटर घ्यावा. तारेस न तोडतां तो अँपिअर दाखवितो व बहुतेकांत व्होल्टही मोजतां येतात. चालू विजेवरील मोजणी माहितगार वायरमनकडूनच करवावी. वही मात्र शेतकऱ्यानें स्वतः लिहावी. पुढील रोवणीपूर्वीं प्रत्येक पंपाची निदान एक नोंद झालीच पाहिजे.