मत वाया गेले म्हणे!

२०२४ च्या लोकसभेला जालन्यात काँग्रेसचे कल्याण काळे निवडून आले आणि १९९९ पासून सलग पाच वेळा जिंकलेले भाजपचे रावसाहेब दानवे पडले. फरक सुमारे १ लाख १० हजार मतांचा. पण मेसमध्ये वाद रंगतो तो तिसऱ्यावरून. अपक्ष मंगेश साबळे, फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगाचे तरुण सरपंच. विहिरींच्या मंजुरीसाठी लाच मागतात असा आरोप करत २०२३ मध्ये पंचायत समितीसमोर दोन लाखांच्या नोटा उधळणारे तेच हे. त्यांना पडली दीड लाखाच्या वर मते!

‘मते खाल्ली, वाया घालवली,’ हे जुन्या जालन्यातल्या टपरीवर अजून ऐकायला मिळते. मला पटत नाही. मते काय पक्षांच्या सातबाऱ्यावर चढलीत? त्यात मराठा आरक्षणाचा राग होताच; पण दोघांनाही कंटाळलेली माणसेही होती.

अमेरिकेत १९९२ साली अपक्ष रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मते मिळाली. पण एकाही राज्यात ते पहिले आले नाहीत, म्हणून इलेक्टोरल मते शून्य! खोट आहे ती मोजणीत.

आणि इलाज आपल्या घरातच आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मतदार १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, तर मत पुढच्याकडे जाते. मग लोकसभेला हे का नको? मोजणी किचकट होईल म्हणे. अरे, मग आपण इंजिनिअर कशाला होतोय? (डिग्रीनंतर तीन वर्षांनी पदवीधरांच्या यादीत नाव घालता येते, तेवढे मात्र विसरू नका.)